बाटलीजोगं पाणी

खोली भाड्यानं देताना घरमालक पगार विचारतो, लग्न झालंय का विचारतो, मटण शिजवणार का विचारतो. माझ्या घरमालकांनी मला दारातच विचारलं, "पाण्याचा जडपणा मोजता येते का तुमाले?"

मी हो म्हणालो. मला पगारच त्याचा मिळायचा. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायला मला नाशिकहून तिथल्या नव्या प्रयोगशाळेत धाडलं होतं. प्रयोगशाळा म्हणजे एक गळकी खोली, काचेची भांडी आणि मी.

"मंग खोली तुमची," ते म्हणाले. "बाकीचं मांगून पाहू."

ते लाकूड डेपोतून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही म्हणू लागलो. उंच, वाळलेले, आणि माणसाच्या आधी दिसायचं ते नाक. शेतकरी बैलाची घेतो तशी ते नाकाची काळजी घेत. धूळ उडवत एसटी गेली की रुमाल वर. शेजारणीनं मिरच्या भाजायला घेतल्या की भाऊ गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी खर्रासुद्धा सोडला होता. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला खर्रा त्या मुलखात सोडणं म्हणजे संन्यास घेण्यासारखंच. गाल फुगलेला नसेल तर लोक तब्येतीची चौकशी करतात. मला आधी वाटलं, देवाधर्माचं काही असेल. मग वाटलं, मुतखडा असेल. त्याशिवाय माणूस पाण्याची एवढी चौकशी का करील?

उन्हाळा लागला तेव्हा उलगडा झाला. मे महिन्यात तिकडे दुपारी कावळाही सावली सोडत नाही. घरात कूलर एकच होता आणि तो एका कुलूपबंद कपाटाकडे तोंड करून ठेवलेला होता. भाऊ आणि त्यांच्या पत्नी ओसरीत पंख्याखाली घाम पुसत बसायचे. पाहुणा फारच मानाचा असला तर त्याला थोडा वेळ कपाटाशेजारी खुर्ची मिळे.

"कपाटात काय आहे, भाऊ?"

"स्कॉटलंड," भाऊ म्हणाले.

आत धानाच्या कोंड्यात गळ्यापर्यंत पुरलेली एक बाटली होती. सिंगल माल्ट. तिची हकीगत अशी. भाऊ डेपोत असताना गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात यंत्र बसवायला स्कॉटलंडचा एक इंजिनिअर आला होता. त्याला जंगल पाहायचं होतं. ऐन उन्हाळ्यात भाऊंनी त्याला नेलं. वाघ काही दिसला नाही, पण साहेबाला ऊन लागलं आणि तो सागाच्या ओंडक्यांवर आडवा झाला. भाऊंनी त्याच्या तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं आणि ओली चादर गुंडाळून त्याला शुद्धीवर आणलं. जाताना साहेबानं ही बाटली दिली आणि एक अख्खी संध्याकाळ बसून ती कशी प्यायची ते समजावलं. साहेबाचं इंग्रजी भाऊंना अर्धं कळत होतं आणि भाऊंचं इंग्रजी म्हणजे घनफूट आणि गोलाई. त्यामुळे या शास्त्रात साहेबाचं किती आणि भाऊंचं किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

"बर्फ टाकला तं ते थिजते. सोडा टाकला तं ते मरते. दोन-चार थेंब पाणी टाकलं तं ते बोलते," भाऊ म्हणायचे. "पन पाणी मऊ पायजे. दगडातून निंघालं, सडल्या पानाच्या मातीवरून वाहत आलं, असं. अन् एक ध्यानात ठेवा. सिंगल माल्ट पेत नसते बापा, हुंगत असते. जे प्याचं ते नाकानंच पिऊन होते. तोंडात जाते ते उरलंसुरलं."

हे सांगणाऱ्या माणसानं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नव्हता.

त्याचं कारण बाई. भाऊंच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. माहेर चिमूरकडचं. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून त्या विहारात जात आणि पंचशील घेत. घेत म्हणजे पाळत. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते इतकं कडक की दारावर नको असलेला माणूस आला तर "भाऊ घरी नाहीत" म्हणून सांगायची सोय नव्हती. भाऊंना खरोखर मागच्या दारानं बाहेर पडावं लागे. पाचवं शील मद्य न घेण्याचं. माहेरचं एक घर दारूनं बसलेलं त्यांनी पाहिलं होतं, त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. बाटली घरात आली त्या दिवशी त्यांनी भाऊंकडे आणि बाटलीकडे आळीपाळीनं पाहिलं आणि निकाल दिला.

"एक. जन्मात एकच. अन् ते बी या घरात नाई."

भाऊ कबूल झाले. तेही बाईंबरोबर विहारात जात, सगळ्यांबरोबर शीलं म्हणत, फक्त पाचव्याशी आले की त्यांना खोकला येई. आधीच ठरवून ठेवलेली गोष्ट करणार नाही असं म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

तर असा पेच होता. माणसाला एखादी गोष्ट जन्मात एकदाच करायला मिळणार असेल, तर ती चुकवून कसं चालेल? भाऊंचं सगळं वेड या एका रास्त प्रश्नातून निघालेलं होतं. ते हसण्यासारखं होतं, पण मला त्यांच्यावर नुसतं हसता कधी आलं नाही.

दर रविवारी दुपारी भाऊ ओसरीत वर्ग घेत. विषय एकच. साहेबानं सांगितलं होतं की पेला खाली फुगीर आणि वर निमुळता हवा, म्हणजे वास कोंडून राहतो. असा पेला गडचिरोलीत कुठे मिळणार? पण एकदा भाऊ माझ्या प्रयोगशाळेत आले, शंकूपात्र हातात घेऊन उन्हात धरलं आणि त्यांचा श्वासच अडकला. "हे तं तेच आहे," ते म्हणाले. सरकारी भांडं मी दिलं नाही, तर त्यांनी नागपूरहून डझनभर मागवली. वर्गात त्यात कोरा चहा ओतत, कारण रंग जुळायचा. दवाखान्यातला कंपाउंडर, शेजारचा शिंपी, एसटीचा एक कंडक्टर आणि मी, असे आम्ही भर उन्हात शंकूपात्रं नाकाला लावून बसायचो.

"काय येऊन राह्यलं वासात?" भाऊ कंपाउंडरला विचारत.

"चहा."

"अजून?"

"साखर नाई त्यात, हे येऊन राह्यलं."

"मांगं बसा तुम्ही."

शिंपी हुशार निघाला. तो डोळे मिटून "भाऊ, लांब कुठीतरी लाकूड जळून राह्यलं," असं म्हणे आणि पुढच्या रांगेत बसे. वास्तविक बाईंनी आत चूल पेटवलेली असे.

भाऊंच्या या विद्येचा बाहेर बोभाटाही झाला. एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात मागच्या मांडवात विलायती बाटल्या फुटत होत्या. भाऊ सहज तिकडे डोकावले, तर अधिकारी स्वतः आपल्या पेल्यात लाल-काळं गोड सरबत ओतत होते. भाऊ थबकले. मग हळूच जाऊन त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला, मान खाली घातली आणि म्हणाले, "लय वाईट झालं, साहेब. आता धीर धरा." साहेबांना वाटलं, घरात कुणी गेलं. लग्नघरात रडारड सुरू झाली आणि ती निस्तरेपर्यंत वऱ्हाड जेवायचं थांबलं. भाऊ म्हणाले, "म्या तं मेलेल्याचंच दुःख केलं."

पाण्याचा शोध मात्र माझ्या अंगावर आला. मी तपासणीला जाई त्या गावाहून भाऊंसाठी एक कळशी भरून आणायची, हा खोलीचा अलिखित करार होता. शेजारच्या जिल्ह्यातलं पाणी वर्गातला कंडक्टर एसटीतून आणी. कळशी आली की तिचे तीन वाटे पडत. एक वाटा माझ्या नळ्यांत. एक भाऊंच्या तोंडात; ते खूप वेळ घोळवून अंगणात पिंक टाकत. आणि एक वाटा बाईंच्या चुलीवर, तुरीच्या डाळीत. डाळ मऊ शिजली तर पाणी मऊ. गडचांदूरकडच्या चुनखडीच्या पाण्यात दुपार कलली तरी डाळ तशीच टणक. वैनगंगेचं पाणी माझ्या नळीत बरं निघालं, डाळही शिजली, पण भाऊंनी मान हलवली. "चांगलं आहे. पन लय माणसं पाहून आलेलं आहे." वरोऱ्याच्या एका विहिरीचं पाणी त्यांनी तोंडात घेतलं आणि गिळूनच टाकलं, म्हणून माझ्या आशा वाढल्या, तर ते म्हणाले, "तहान लागली होती."

"तुमच्या बाटलीपायी माही डाळ तेवढी सुधारली," बाई म्हणत.

असे हिवाळे-उन्हाळे गेले. मग एटापल्लीच्या पलीकडे, डोंगरात, एका गोंड वस्तीजवळच्या झऱ्याचं पाणी मी तपासलं आणि मला माझ्या नळीचीच शंका आली. पुन्हा तपासलं. इतकं मऊ पाणी त्या नोकरीत मी पाहिलं नव्हतं. काळ्या दगडाच्या कपारीतून निघून सडलेल्या पानांवरून वाहत येणारं. कळशी घरी आणली. बाईंची डाळ वरणाच्या पुढे जाऊन विरघळली. भाऊंनी घोट घेतला, घोळवला आणि अंगणाकडे न जाता तिथेच पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अवं, बाटलीवरचा कोंडा झाडून ठेव."

डिसेंबरात आम्ही निघालो. भाऊ, बाई आणि मी. बाई कशाला, तर "एकटे सोडले तं त्या झऱ्यातच राह्यतीन, अन् एकाच्या दोन होतीन ते येगळंच." एसटीनं एटापल्ली, तिथून माझ्या खात्याची जीप. वस्तीजवळच्या आश्रमशाळेत मुक्काम केला. बाटली भाऊंनी प्रवासभर मांडीवर धरली होती, आजारी लेकरू धरावं तशी.

सकाळी धुकं होतं. झऱ्याकाठी एक उभा दगड होता, त्याला शेंदूर आणि वाळलेली फुलं. भाऊंनी बाटली जपून त्या दगडापाशी ठेवली आणि शेवटच्या तयारीला लागले. नाक स्वच्छ हवं म्हणून ते रोज घरी जलनेती करत: कोमट मिठाच्या पाण्यानं, एका नाकपुडीतून ओतून दुसरीतून काढायचं. आज त्यांना वाटलं, ज्या पाण्यात प्यायचं त्याच पाण्यानं नाक धुवावं. मी म्हणालो, भाऊ, गार आहे. बाई म्हणाल्या, गरम करून घ्या. पण भाऊ कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. डिसेंबरातलं डोंगरातलं पाणी त्यांनी तांब्यानं उजव्या नाकपुडीत ओतलं.

पहिली शिंक आली तेव्हा झाडावरची वानरं उठली. मग शिंकांमागून शिंका. त्या थांबल्या तेव्हा भाऊंचं नाक बंद झालेलं होतं. दोन्ही नाकपुड्या. गच्च. इतकी वर्षं जपलेलं नाक नेमकं त्या सकाळी भिंत होऊन बसलं.

भाऊंनी बाटली उचलली. "चला," ते म्हणाले. आवाज बसकट झाला होता. "पुढच्या हिवाळ्यात येऊ."

पण तोवर शिंका ऐकून वस्तीतली माणसं आली होती. पुढे गायता होता, म्हणजे गावचा पुजारी, म्हातारा आणि शांत. त्यानं जोहार केला आणि बाटलीकडे पाहिलं.

"हे काय आहे, भाऊ?"

भाऊ गडबडले. "औषध आहे."

"कायचं?"

"सर्दीचं," भाऊंच्या तोंडून गेलं, आणि ते पुन्हा शिंकले.

गायत्यानं मागे वळून पाहिलं. मागे निम्मी वस्ती खोकत होती. "मंग तं सगळ्याइलेच पायजे," तो म्हणाला. मग हसला. "भाऊ, दारू आहे हे मले बी दिसते. तुम्ही पेनापाशी ठेवली." पेन म्हणजे देव, तो उभा दगड. "पेनापाशी ठेवली ते वापस जात नाई. आमच्या इथी असंच आहे. पयले पेनाले, मंग जुन्या माणसाइले, मंग जे हजर आहेत त्याइले. सारखी सारखी."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. गायत्याच्या बोलण्यात दरडावणी नव्हती, पाहुण्याला घरची रीत सांगावी तसं तो सांगत होता, आणि त्याला नाही म्हणणं शक्य नव्हतं. भाऊंनी बाटली फोडली. इतकी वर्षं कूलरच्या वाऱ्यात राहिलेली ती दारू आधी दगडावर शिंपडली गेली, मग पूर्वजांच्या नावानं मातीत. मग पळसाच्या पानांचे दोने आले आणि सगळ्यांना थोडी थोडी. परतीची जीप मला चालवायची होती, म्हणून माझा दोना मी एका खोकणाऱ्याला देऊन टाकला.

गायत्यानं घोट घेऊन विचार केला. "बरी आहे. कोणत्या फुलाची?"

"फुलाची नाई. जवाची. धान्याची."

"धान्याची?" त्याचा चेहरा कळवळला. "मोह नसन बिचाऱ्याइच्या मुलखात."

भाऊंच्या वाट्याला एक दोना आला. त्यांनी झऱ्याचं पाणी बोटांनी त्यात सोडलं, शास्त्राप्रमाणे दोन-चार थेंब. दोना नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग तो तसाच हातात धरून ते दगडावर बसून राहिले, आणि त्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहायला लागलं. सर्दीचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात एकदाच मिळणारी गोष्ट हातात आलेली होती आणि तिचा वासही लागत नव्हता.

बाई उठल्या. त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. दोना त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या नाकाशी धरला. डोळे मिटले.

"धूर येऊन राह्यला," बाई म्हणाल्या. "चुलीचा नाई. शेतात तणस जाळते ना, त्याचा. लांबून येते तसा."

भाऊंनी डोळे पुसले. "मंग?"

"घ्या आता एक घोट. हं." त्यांनी दोना परत नाकाशी नेला. "आता गूळ येते. नवा नाई. जुन्या मडक्यात ठेवलेला."

"जुन्या मडक्यातला," भाऊ पुटपुटले आणि दुसरा घोट घेतला. "अजून?"

"थांबा ना. घाई कायची?" बाईंनी बराच वेळ घेतला. "अन् सगळ्याच्या मांगं मोह. आंगणात वाळत घातलेला. सकाळचं दहिवर पडलेला."

गायत्यानं समाधानानं मान हलवली. शेवटी मोह निघालाच, असं त्याच्या तोंडावर होतं. चमचाभर दारू भाऊंनी किती तरी वेळ पुरवली, आणि दोना रिकामा झाला तेव्हा तो घडी करून खिशात ठेवला.

त्यानंतरही रविवारचा वर्ग चालू राहिला. चहा हुंगायला देऊन भाऊ सांगत, आधी धूर, मग जुना गूळ, मग मोह. मध्येच विसरल्यासारखं करून आत हाक मारत, "अवं, दुसरं काय होतं?" आणि चुलीपाशी डाळ घोटता घोटता बाई म्हणत, "गूळ." कूलर ओसरीत आला. पाचव्या शीलापाशीचा खोकलाही गेला. माझी बदली झाली, आणि पुढे काही वर्षांनी भाऊ गेल्याचं कळलं. त्या वेळी मला जाता आलं नाही.

मग एकदा नागपुरात कुणाच्या तरी निरोपसमारंभात माझ्या हातात सिंगल माल्टचा पेला आला. पहिलाच. मी भाऊंचा विद्यार्थी. बर्फ काढून टाकला, दोन थेंब पाणी घातलं आणि हुंगलं. धूर होता. लांबून येणारा. मागे गूळ होता. आणि मी शपथेवर सांगतो, अगदी शेवटी वाळलेल्या मोहासारखं गोडसर काहीतरी होतं. मला ते बाईंना सांगितल्याशिवाय राहवेना. सुट्टी पाहून मी गडचिरोलीची गाडी धरली.

बाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. मी पाया पडलो आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. "बाई, तुमचं नाक खरं निघालं. सगळं तसंच होतं."

त्यांचा हात सुपात थांबला. "गूळ बी होता?"

"होता."

"अगं माय," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "म्या तं श्वासच नाई घेतला, बापा. हुंगलं तं पेल्यासारखंच, असं हेच मानूस शिकवत होते ना? मंग मी कशी हुंगू? दम धरून बसली. पन त्याइचं तोंड पाहवेना. मंग माह्या माहेरचं आंगण सांगितलं. पाचवं राखाले गेली अन् चौथं मोडलं."

मी विचारलं, "भाऊंना कधी कळलं नाही?"

बाईंनी सूप खाली ठेवलं.

"लगेचच्या पौर्णिमेले विहारात गेलो आमी दोघं," त्या म्हणाल्या. "सगळे शील म्हणून राह्यले होते. चौथं आलं अन् माह्या तोंडून आवाजच निंघेना. हे बाजूले बसले होते. त्याइनं माह्याकडं पाह्यलं बी नाई. आपलं म्हणलं, अन् मंग माह्या वाटचं पुन्हा एकदा म्हणलं."